नाकाहारा मासाया: आधी बघा, मग ऐका, मग वाचा, मग स्वतः करून बघा

नाकाहारा मासायाकडे वळायचं असेल तर सुरुवात सिनेमापासून करा. सीडीपासून नको, आणि कादंबरीपासून तर मुळीच नको. पुण्या-मुंबईहून मला जे कोणी ‘जपानी नॉइझ ऐकायचंय, कुठून सुरू करू’ असं विचारतात, त्यांना मी हाच क्रम सांगते. (नॉइझ म्हणजे खरखर, घरघर, गोंगाट यांनाच साहित्य मानून केलेलं संगीत.) का सांगते ते इथे नीट लिहून ठेवते.

आधी माणूस कोण ते. नाकाहारा हा नॉइझ वादक आणि लेखक, 1970 साली टोकियोत जन्मला. 1988 च्या सुमारास मल्टिट्रॅक रेकॉर्डर (अनेक आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेणारं यंत्र) आणि सॅम्पलर (आवाजाचे तुकडे पकडून पुन्हा वाजवणारं यंत्र) घेऊन तो एकट्यानं ध्वनिमुद्रणं करायला लागला. 1990 मध्ये त्याचं काम अमेरिकेतल्या एका स्वतंत्र लेबलवर निघालं, ‘बोर्योकु ओन्सेन गेइशा’ या नावानं. परदेशी रसिक त्याला ‘व्हायोलंट ओन्सेन गेइशा’ म्हणून ओळखतात. सॉनिक यूथ, बेक, जॉन स्पेन्सर ब्लूज एक्स्प्लोजन हे जपानात वाजवायला आले तेव्हा त्यांच्या आधी मंचावर जायला याला बोलावलं गेलं. 1995 मध्ये त्यानं अमेरिकेचा दौरा केला. 1997 मध्ये नाव बदलून ‘हेअर स्टायलिस्टिक्स’ केलं. 1998 मध्ये पहिलं कथापुस्तक आलं, 2001 मध्ये मिशिमा युकिओ पुरस्कार मिळाला, 2005 मध्ये कान महोत्सवात गेलेल्या चित्रपटात प्रमुख भूमिका, 2006 मध्ये नवोदितांसाठीचा नोमा साहित्य पुरस्कार, 2008 मध्ये रोजनिशीसाठी बुंकामुरा दू मागो पुरस्कार. चित्रपटांवरचं लेखन आणि चित्रं वेगळीच.

ही यादी वाचली की वाटतं, माणसानं चार क्षेत्रांत हात घातलाय. मला तसं वाटत नाही. तो सगळीकडे एकच गोष्ट करतो: कुणाला नको असलेले तुकडे गोळा करतो (आवाजाचे, वाक्यांचे, सिनेमातल्या प्रसंगांचे), ते शेजारी शेजारी ठेवतो आणि मधला सांधा भरून देत नाही. हे एकदा कानाला आणि डोळ्याला कळलं की त्याचं कुठलंही काम उघडून बसता येतं. खालचा सगळा क्रम त्यासाठी आहे.

सिनेमा

दिग्दर्शक आओयामा शिंजीचा ‘एली, एली, लमा सबक्थनी?’ मिळवा. 2005 चा, पावणेदोन तासांचा. मराठी बायबल वाचलेल्यांना नाव लगेच ओळखू येईल. क्रूसावरून येशूनं काढलेले ते शब्द. कथा 2015 मध्ये घडते, म्हणजे तेव्हाच्या दहा वर्षं पुढे. माणसांना आत्महत्येकडे ढकलणारा एक विषाणू पसरलाय आणि दोन नॉइझ वादकांच्या आवाजानं तो रोखला जातो, असं लक्षात आलंय. एक आसानो तादानोबु, दुसरा नाकाहारा. नाकाहारा अभिनेता म्हणून काय करतो, तर फार काही करत नाही. तो ऐकतो. जमिनीवरून वस्तू उचलतो, तिचा आवाज कसा येतो ते बघतो, मायक्रोफोन धरतो. आसानोसारखा कसलेला नट शेजारी असूनही माझी नजर नाकाहाराच्या हातांवर राहते, कारण हे हात खरोखरच ते काम करणारे आहेत.

म्हणूनच मी सिनेमा आधी म्हणते. नॉइझची सीडी लावली की नवा श्रोता पहिला प्रश्न विचारतो, ‘हा नक्की काय करतोय?’ सिनेमात ते दिसतं. आवाज कुठल्या वस्तूतून आला, कसा पकडला, कशात घातला, मोठा कसा झाला, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. शेवटाकडे मोकळ्या माळावर चार बाजूंना मोठे स्पीकर लावून एका डोळे बांधलेल्या मुलीसाठी वादन होतं. त्याबद्दल याहून जास्त सांगत नाही.

बघताना एवढं करा. मोबाइलवर बघू नका. त्याच्या स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत आणि या सिनेमाचा अर्धा जीव तिथेच आहे. हेडफोन असतील तर पहिल्या संवादाच्या प्रसंगाला आवाज बेताचा लावा आणि मग बटणाला हात लावू नका. शांत प्रसंगात वाढवलात तर वादनाच्या प्रसंगात कानावर येईल. एका बैठकीत बघा.

आणि श्रेयनामावली बघताना एक नाव शोधा: त्सुत्सुइ यासुताका. विज्ञानकथांचा थोर लेखक, इथे त्या मुलीचा आजोबा झालाय. म्हणजे एकाच सिनेमात दोन लेखक अभिनय करतायत. दिग्दर्शकही लेखक. 2001 चा मिशिमा पुरस्कार दोघांना विभागून मिळाला होता. एक नाकाहारा आणि दुसरा हाच आओयामा, त्याच्या ‘युरेका’ या कादंबरीसाठी. साहित्याच्या एका पुरस्कारात बरोबरीनं बसलेली दोन माणसं चार वर्षांनी नॉइझवरचा चित्रपट घेऊन आली. नाकाहाराच्या कामाचे कप्पे का पाडू नयेत हे सांगायला मला याहून चांगला दाखला माहीत नाही. आओयामा 2022 मध्ये गेला.

टोकियोत असाल तर ‘बाकुओन’ खेळांवर लक्ष ठेवा. हिगुचि यासुहितोच्या ‘बोइड’ या संस्थेनं हा प्रकार रुजवला: संगीत मैफलीची ध्वनियंत्रणा चित्रपटगृहात लावून सिनेमा दाखवायचा. किचिजोजीचं बाउस थिएटर हे त्याचं मूळ घर. ते 2014 मध्ये बंद झालं, पण असे खेळ इतरत्र होतात. नाकाहाराच्या रेकॉर्ड आणि पुस्तकं काढणारी संस्थाही हीच बोइड, पुढे तिचं नाव पुन्हा येईल.

कान

रेकॉर्डकडे जाण्याआधी कानांचं बघा. मी याबाबत कुणाशी तडजोड करत नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेनं ठरवलेली मर्यादा अशी: 85 डेसिबलला 8 तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, असं करत 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. छोट्या तळघरातल्या नॉइझच्या कार्यक्रमात 100 सहज ओलांडले जातात आणि एकेक वादन अर्धा-पाऊण तास चालतं. हिशेब तुम्हीच करा.

फोमचे इअरप्लग कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. ते नुसते कानाच्या तोंडाशी कोंबून उपयोग नाही. बोटांमध्ये वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज आपल्याच डोक्यात घुमतो. प्लग घातले की नॉइझ ‘कमी’ होईल ही भीती काढून टाका. खालचे स्वर छातीतून आणि पायातून येतातच, आणि वरचा कर्कशपणा उतरल्यामुळे आतले थर उलट जास्त वेगळे ऐकू येतात.

टोकियोतल्या लाइव्ह हाउसची, म्हणजे छोट्या मैफलगृहांची, रीत माहीत असावी. तिकिटाचे दोन दर असतात, आगाऊ नोंदणीचा आणि त्या दिवशीचा. त्यावर एक पेय घ्यावंच लागतं, त्याचे पैसे वेगळे. रोख पैसे ठेवा. एका संध्याकाळी तीन-चार कलाकार असतात आणि मी म्हणेन की सगळ्यांना ऐका, फक्त आपल्या माणसापुरतं येऊन जाऊ नका. कोएन्जीसारख्या भागात स्टेशनपासून चालत चालत अशी दोन-तीन तळघरं आणि तितकीच जुन्या रेकॉर्डची दुकानं सापडतात, तिथे एक अख्खी सुट्टी घालवा.

रेकॉर्ड

जपानी नॉइझ म्हटलं की लोक आधी मर्झबाउ ऐकतात, म्हणजे आकिता मासामि. 2000 साली 50 सीडींची पेटी काढणारा. किंवा 1979 पासून वाजवणारे हिजोकाइदान. किंवा मिकावा तोशिजिचे इन्कॅपॅसिटंट्स. तिथे आवाज भिंतीसारखा समोर उभा राहतो आणि आपण त्या भिंतीत शिरतो. हे सगळं मला मनापासून प्रिय आहे. पण त्याच अपेक्षेनं नाकाहारा लावलात तर गोंधळाल. त्याच्याकडे भिंत नाही. मधेच हॉटेलच्या लॉबीतलं वाटावं असं गुळगुळीत संगीत येतं, त्यावर कुणीतरी ओरडतं, मग जुन्या सिनेमाच्या पार्श्वसंगीताची तीन सेकंदं, मग यंत्राची घरघर, मग लहान मुलाच्या खेळण्यासारखा ताल. नव्वदच्या दशकात टोकियोतल्या शिबुया भागाच्या झकपक पॉपची हवा असताना याला ‘डेथ शिबुया-केइ’ (केइ म्हणजे धाटणी) असं बिरूद चिकटलं ते त्यामुळेच: त्या गोड पॉपवाल्यांसारखाच हाही जुन्या रेकॉर्ड उपसत होता, फक्त त्यानं बाहेर काढलेलं वेगळं होतं.

दुकानात दोन्ही नावं वेगवेगळी शोधा. डिस्क युनियनसारख्या दुकानसाखळीत ‘बोर्योकु ओन्सेन गेइशा’ एका खणात आणि ‘हेअर स्टायलिस्टिक्स’ दुसऱ्या खणात, कधी तर दुसऱ्या मजल्यावर असतं. पहिल्या नावाचं ‘के सरा, सरा’ घ्या, त्यात वर सांगितलेला सगळा स्वभाव आहे. मग ‘ब्लॅक लव्हर्स’ हे 1988-89 च्या कामाचं संकलन घ्या. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा काय करत होता ते कळतं, आणि साधनं किती थोडी होती तेही. हेअर स्टायलिस्टिक्सचा 2004 चा अल्बम होसोनो हारुओमिच्या डेझीवर्ल्ड लेबलवर आला. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक बँडच्या होसोनोनं याला आपल्या लेबलवर घ्यावं, ही गोष्ट मला त्या सगळ्या पुरस्कारांइतकीच मोठी वाटते.

2008 पासून बोइडनं ‘मंथली हेअर स्टायलिस्टिक्स’ काढायला सुरुवात केली. दर महिन्याला एक नवीन सीडी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, असणं शक्यही नाही. पण मी म्हणते, यातल्या लागोपाठच्या दोन महिन्यांच्या सीडी घ्या आणि एकाच दिवशी ऐका. दर महिन्याला काम बाहेर काढायचंच असं ठरवलं की माणूस उत्तम कल्पनेची वाट बघत बसत नाही, जे हाताशी आहे त्यावर काम करतो. नाकाहाराच्या सबंध कारकिर्दीचा वेग या दोन सीडींत सापडेल.

ऐकण्याची माझी पद्धत: पहिल्यांदा काहीही न करता. दुसऱ्यांदा वही घेऊन, आणि जिथे आवाज बदलतो तिथे फक्त वेळ लिहायची. 0:40, 1:12, 1:15 असं. वर्णन लिहायचं नाही, अर्थ तर नाहीच. पानभर आकडे झाले की दिसतं की तो कुठे लांब थांबतो आणि कुठे घाईनं कापतो. तिसऱ्या खेपेला तीच कापाकापी ताल म्हणून ऐकू यायला लागते.

पुस्तकं

इथे जपानी वाचता यायला हवं. पण पुण्यात जपानी शिकलेले किती लोक आहेत! त्यांच्यातले पुष्कळ जण एन2 (जपानी भाषापरीक्षेची वरून दुसरी पातळी) पास होऊन कंपनीच्या ईमेलवर थांबतात. त्यांच्यासाठीच हा भाग मी सगळ्यात आस्थेनं लिहितेय.

रोजनिशीपासून सुरू करा. ‘नाकाहारा मासाया साग्यो निश्शि 2004→2007’, बोइडनंच काढलेली. काय बघितलं, कुठल्या दुकानातून काय विकत घेतलं, पैसे कसे संपले, लेखन कसं होत नाहीये. वाक्यं छोटी, शब्द रोजचे. एन2 वाल्याला शब्दकोश जवळ ठेवून दिवसाला दोन पानं सहज जमतात. आणि वर्षं बघा: याच काळात तो सिनेमा कानला गेला, याच काळात (2006) त्याच्या ‘तेन्मेत्सु’ या कथेला नव्या लेखकांसाठीच्या अकुतागावा पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि नोमा पुरस्कारही मिळाला. बाहेरून बघणाऱ्याला जी भरभराट दिसते ती आतून किती ओढाताणीची होती, हे दर पानावर कळतं. दू मागो पुरस्काराची पद्धत अशी की दर वर्षी एकच परीक्षक असतो आणि तो एकटा निवड करतो. एका माणसानं एवढ्या पुस्तकांतून ही रोजनिशी उचलली, याचा मला फार आनंद आहे.

त्यानंतर ‘मारी अँड फिफी’, म्हणजे 1998 चं पहिलं कथापुस्तक. मग नोमा पुरस्कारवालं ‘ना मो नाकि कोजिताची नो हाका’, निनावी अनाथांची कबर. मिशिमा पुरस्कारवाली ‘आरायुरु बाशो नि हानाताबा गा……’, सगळीकडे पुष्पगुच्छ, ही शेवटी. ती पुरस्कारामुळे प्रसिद्ध असल्यानं सगळे तिच्यापासून सुरू करतात आणि वीस पानांत सोडतात. कथानक धरायला गेलात तर हाताला काहीच लागत नाही. आणि एक सावधगिरी: हिंसा आहे, ओंगळपणा आहे, तोही कसलीही पूर्वसूचना न देता येतो. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी रोजनिशीवरच राहावं, त्यात काही कमीपणा नाही.

मी पोटासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. दिवसभर माझ्यासमोर कुणीच न लिहिल्यासारखी वाक्यं असतात: स्विच बंद करा, झाकण उघडण्यापूर्वी यंत्र थंड होऊ द्या. नाकाहाराचं गद्य मला पहिल्यांदा कळलं ते या कामामुळे. तो अशीच झिजलेली वाक्यं वापरतो, मासिकातली, जाहिरातीतली, स्वस्त रहस्यकथेतली, आणि ती एकमेकांना चिकटवतो. वाक्य व्याकरणात चोख असतं, ऐकल्यासारखं वाटतं, आणि पुढच्याच वाक्यात माणूस, जागा, कारण सगळं बदललेलं असतं. म्हणून वाचताना पेन्सिल घ्या. वाक्याचा सूर जिथे बदलतो, म्हणजे हे वाक्य दुसऱ्याच कुठल्या कागदावरून आलंय असं वाटतं, तिथे समासात एक रेघ मारा. कोण कुणाला काय म्हणालं ते लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. एक कथा, एक बैठक, जमल्यास मोठ्यानं. कथा संपली की रेघा मोजा. सीडी ऐकताना तुम्ही लिहिलेले वेळेचे आकडे आणि या रेघा शेजारी ठेवून बघा.

त्याच्या कथांमधला निवेदक वरचेवर कुरकुरतो की मला लिहायचं नाहीये, पैशासाठी लिहावं लागतंय. तो विनोद म्हणून सोडून देऊ नका. तो कुरकुरीचा आवाजही एक तुकडाच आहे आणि कुठे येतो ते बघण्यासारखं आहे.

करून बघणं

इथपर्यंत आलात तर एक फीत करा. मंचावर जाण्यासाठी नाही. हातानं केल्याशिवाय त्यातल्या निवडी दिसत नाहीत म्हणून.

कॉन्टॅक्ट मायक्रोफोन बनवा, म्हणजे वस्तूला चिकटवून तिची कंपनं पकडणारा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिएझो चकत्या (कंपनाचं विजेत रूपांतर करणाऱ्या) किरकोळ किमतीत मिळतात. 27 मिलिमीटरची घ्या. एक तार मधल्या पांढऱ्या भागाला, दुसरी पितळी कडेला. सोल्डरिंगची इस्त्री क्षणभरच टेकवा, जास्त वेळ ठेवलीत तर पांढरा थर निघून येतो. मधली तार जॅकच्या टोकाला, कडेची तार जॅकच्या बाहेरच्या भागाला. वरून इन्सुलेशन टेप. मग ती फ्रिजच्या दाराला, खिडकीच्या गजाला, मिक्सरच्या भांड्याला चिकटवा. गिटारसाठी असलेल्या इनपुटमध्ये घाला, साध्या इनपुटमध्ये आवाज किरटा येतो.

आवाजाचा छोटा मिक्सर (स्वयंपाकघरातला नव्हे) असेल तर त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये जोडून बघा. जपानी वादक नाकामुरा तोशिमारुनं यावर आख्खी कला उभी केली. मिक्सरमधली अतिसूक्ष्म खरखर पुन्हा पुन्हा फिरून मोठी होते, आणि इक्वलायझरची बटणं ठरवतात की तिच्यातला कुठला स्वर वाढणार. नियम दोन: सुरू करताना सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती बटणं) शून्यावर, आणि हे करताना हेडफोन कानावर नाहीत, कधीच नाहीत. आवाज क्षणात दसपट होऊ शकतो.

फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर कुणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर मागून आणा. साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे तो एकाच दिशेनं वापरतो. त्यामुळे तीच कॅसेट साध्या टेपमध्ये लावून उलटी केलीत की उरलेले दोन पट्टे मागून पुढे वाजतात. नसेल तर फोनवरचं कुठलंही चार ट्रॅकचं अ‍ॅप चालेल. साहित्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा, ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही अशा कॅसेट घ्या. सुट्टीला घरी आले की मी तेच करते. कुणाचं तरी घरगुती भजन, इंग्रजी शिकवणारे धडे, रेडिओवरून घेतलेलं अर्धं गाणं. खासगी बोलणं निघालं तर ती कॅसेट बाजूला ठेवा, वापरू नका.

आता दहा मिनिटांची फीत. एकही तुकडा दुसऱ्यात विरघळवायचा नाही, फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) वापरायचा नाही. कापा आणि लावा. कापण्याच्या जागा ठरवायला तुमची आकड्यांची वही आणि पेन्सिलच्या रेघा आहेतच. एका दिवसात संपवा, तारीख लिहा, पुढच्या महिन्यात दुसरी करा.

एक शेवटचं, पैशाबद्दल. 2023 च्या सुरुवातीला नाकाहाराला मधुमेहातून आलेल्या गंभीर आजारानं रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. मी वर जुन्या सीडींच्या खणांबद्दल लिहिलं, पण तिथे दिलेला पैसा त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणून जे नवीन छापलेलं मिळतं, पुस्तक असो वा पुनर्मुद्रित सीडी, ते नवीनच घ्या. जपानबाहेर टपाल करणारी पुस्तकांची दुकानं आहेत, आणि टोकियोहून पुण्याला जाणारा कुणी ना कुणी ओळखीचा निघतोच. त्याच्या बॅगेत दोन पातळ पुस्तकांची जागा होते.